राजा नाही, शिपाई नाही, तुरुंग नाही: मध्ययुगीन आइसलँडमध्ये शांतता खरंच नांदत होती का?

सह्यवाटा (धागाकर्ता)

राज्यसंस्था नसली की माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, हे आपण गृहीतच धरतो. हे गृहीतक तपासायला मध्ययुगीन आइसलँडइतकी चांगली जागा दुसरी नाही. इ.स. ९३० ते १२६२ या बेटावर राजा नव्हता. सैन्य नाही, कोतवाल नाही, तुरुंग नाही, सरकारी फाशीवाला नाही. कायदा मात्र होता, आणि भरपूर होता.

ज्यांनी याबद्दल वाचलेलं नाही त्यांच्यासाठी रचना सांगतो. देशात आधी ३६ आणि ९६५ च्या सुमारास झालेल्या फेररचनेनंतर ३९ गोधी. गोधी म्हणजे सरदार, पण त्याच्या नावावर प्रांत नसे. शेतकरी आपला गोधी स्वतः निवडत आणि पटलं नाही तर दुसऱ्याकडे जात. गोधीपद वारशाने मिळे, वाटून घेता येई, विकताही येई. दर उन्हाळ्यात थिंगवेत्लिरला अल्थिंग, म्हणजे साऱ्या देशाची सभा भरे. तिथे सोयरिकी ठरत, माल विकला जाई आणि खटले चालत. कायदेवक्ता हा एकच पगारी अधिकारी. त्याची निवड तीन वर्षांसाठी, आणि दरवर्षी एक तृतीयांश कायदा त्याने सगळ्यांसमोर तोंडपाठ म्हणायचा. १११७-१८ च्या हिवाळ्यात कायदा लिहून काढायला सुरुवात झाली, तोवर सगळा कारभार स्मरणावर.

निकाल लागला की अंमलबजावणी जिंकणाऱ्याने स्वतः करायची. खून म्हणजे राजाचा अपराध नव्हे, ते मयताच्या घरच्यांचं येणं. शिक्षा तीन प्रकारच्या: भरपाई, तीन वर्षांची हद्दपारी, किंवा पूर्ण बहिष्कृती. बहिष्कृताला कुणी मारलं तरी दावा लागत नसे. आणि हे येणं दुसऱ्याच्या नावे करता येई. ज्याच्यात लढायची ताकद नाही त्याने आपला दावा एखाद्या बळकट माणसाला द्यायचा.

माझं मत असं की ही व्यवस्था शांतता राखत होती आणि तिचं बळ तिऱ्हाइतांमध्ये होतं. दोन घराणी भिडली की दोन्हीकडे नातं असलेले, दोन्हीकडे देणंघेणं असलेले लोक मध्ये पडत, कारण भांडण पेटलं तर त्यांचंही नुकसान होतं.

उदाहरण देतो. हाफ्लिदी मासन हा उत्तरेतला मोठा गोधी. वर सांगितलेलं कायदा लिहिण्याचं काम झालं ते याच्याच घरी. थोर्गिल्स ओद्दासनशी त्याचं वैर वाढत गेलं आणि ११२० च्या अल्थिंगमध्ये गर्दीत थोर्गिल्सने त्याच्या हातावर कुऱ्हाड घातली, बोट तुटलं. थोर्गिल्स बहिष्कृत ठरला. पुढच्या वर्षी दोघेही शेकडो हत्यारबंद माणसं घेऊन अल्थिंगवर आले. त्या दिवशी लढाई झाली असती तर देशातलं अर्धं नेतृत्व कापलं गेलं असतं. बिशप थोरलाक आणि इतर लोक मध्ये पडले. केटिल थोरस्टाइनसन नावाच्या माणसाने हाफ्लिदीला स्वतःची हकिगत सांगितली: एका हल्ल्यात आपला डोळा अधू झाला, लोकांनी सुचवलेल्या कोणत्याही भरपाईने मन शांत होईना, शेवटी हल्लेखोराला माफ करून आपल्याच घरी ठेवून घेतलं तेव्हा कुठे समाधान मिळालं. हाफ्लिदी तडजोडीला तयार झाला. रक्कम त्यानेच ठरवायची असं ठरलं आणि त्याने ८० शेकडे घरगुती लोकरी कापडाच्या किमतीची भरपाई मागितली. एका बोटाचा एवढा भाव तर अख्खा हाफ्लिदी केवढ्याला, असं तेव्हा कुणीतरी म्हटल्याची नोंद आहे. पण ती भरपाई दिली गेली, आणि पुढे हे दोघे खटल्यांमध्ये एकाच बाजूला दिसतात.

राजा असता तर थोर्गिल्सचं डोकं उडालं असतं आणि त्याच्या मुलांनी वैर पुढे चालवलं असतं.

---

दरखास्तवाला

सह्यवाटा, लेख आवडला, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करतो, म्हणून अंमलबजावणीचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. आमच्याकडे हुकूमनामा हातात पडला की पक्षकाराला वाटतं, जिंकलो. दरखास्त दाखल केल्यावर त्याला कळतं की निम्मंच काम झालंय. तरी आमच्याकडे बेलिफ आहे आणि गरज पडली तर पोलीस बंदोबस्त मागता येतो. तिथे काय होतं? गरिबाच्या हातात कागदसुद्धा नाही. निकाल ऐकायचा आणि घरी जायचं.

दावा दुसऱ्याच्या नावे करता येई, हे तुम्ही गरिबाच्या सोयीचं म्हणून मांडलंत. एयर्बिग्या सागा या जुन्या आइसलँडी गद्यकथेतला थोरोल्फचा किस्सा बघा. थोरोल्फने आपल्या गुलामांना शेजाऱ्याचं घर जाळायला पाठवलं. ते पकडले गेले आणि थोरोल्फचाच मुलगा अर्नकेल याने त्यांना फासावर दिलं. बापाला मुलाकडून भरपाई हवी होती, मुलगा देईना. म्हणून बाप स्नोरी गोधीकडे गेला. स्नोरीने दावा चालवावा यासाठी थोरोल्फने काय दिलं? क्राकुनेसचं जंगल. ज्या देशात लाकूड सोन्यासारखं मिळतं, तिथे अख्खं जंगल. आणि भरपाई किती मिळाली? गुलामामागे १२ औंस चांदी.

बळकट माणसाकडे दावा सोपवायचा म्हणजे त्याला आपल्या जमिनीत पाय ठेवू द्यायचा. तंट्यातल्या जमिनी गिळून मोठे होणारे लोक मी रोज बघतो. यात शांतता कुणाला मिळाली, तर स्नोरीला.

---

सह्यवाटा

@दरखास्तवाला, क्राकुनेसचं उदाहरण चोख आहे, पण थोरोल्फ गरीब नव्हता आणि त्याची बाजूही न्यायाची नव्हती. त्याने जंगल दिलं ते मुलावर सूड उगवायला.

सौदा महाग पडे, हे मान्य. मात्र ३९ गोधी असताना एकाने अवाच्या सवा मागितलं तर दुसऱ्याकडे जाता येत होतं. माझा सगळा मुद्दा त्या ३९ वर उभा आहे.

---

मेघना_प

'शांतता' हा शब्द वापरताना आधी विचारावं लागतं की कुणाची.

दरखास्तवाला ज्या सागाबद्दल बोलतायत तिच्यातच पुढे अर्नकेलचा खून होतो. त्याला मुलगा नव्हता, म्हणून दावा बायकांकडे आला. खटला कच्चा चालवला गेला आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या खुनाबद्दल एका आरोपीला फक्त तीन वर्षांची हद्दपारी झाली. तेव्हा अल्थिंगच्या पुढाऱ्यांनी काय सुधारणा करावी? त्यांनी ठरवलं की यापुढे खुनाचा दावा कोणतीही बाई किंवा १६ वर्षांखालचा मुलगा चालवणार नाही. बायकांना मदत कशी पोचेल हा विचारही नाही, त्यांचा हक्कच काढून घेतला. बाप किंवा नवरा मारला गेला तर बाईने कुठल्या तरी पुरुषापुढे पदर पसरायचा.

गुलामाला मारलं तर भरपाई मालकाला, गुरं मारल्यासारखी. आणि ग्रागासमध्ये, म्हणजे या काळाच्या लिखित कायद्यात, घरदार नसलेल्या भटक्या भिकाऱ्यांबद्दल काय म्हटलंय ते वाचा. त्यांना खच्ची करायला परवानगी आहे आणि त्यात ते अधू झाले किंवा मेले तरी गुन्हा नाही. हे मी मुद्दाम सौम्य करून लिहिलेलं नाही, कारण अशा चर्चांमध्ये ही कलमं नेहमी गाळली जातात आणि ३९ सरदारांची हुशारी तेवढी उरते.

ज्यांच्यावर झालेला हल्ला कायद्याच्या लेखी हल्लाच नाही, त्यांची गणती तुमच्या शांततेत होत नाही. मग आकडा लहान दिसणारच.

---

उत्तरध्रुव

मी बर्गनला राहतो, त्यामुळे नॉर्वेच्या बाजूने थोडं.

मेघनाताईंनी लिहिलेलं सगळं खरं आहे. पण त्या काळात राजा असलेल्या देशांत गुलाम, बायका आणि भिकारी सुखी होते का? तुलना करायची तर त्याच काळातल्या, त्याच भाषेच्या, त्याच रक्ताच्या शेजाऱ्याशी करा. आइसलँडचे बहुतेक वसाहतकार नॉर्वेचे आणि त्यांनी कायद्याचा पहिला आराखडाही नॉर्वेतून, गुलाथिंग या तिथल्या सभेच्या कायद्यावरून घेतला.

नॉर्वेत राजा होता. ११३० मध्ये राजा सिगुर्द वारला आणि गादीसाठी जे युद्ध सुरू झालं ते थांबत-पेटत १२४० पर्यंत चाललं. राजाचा औरस-अनौरस कुणीही मुलगा गादीवर हक्क सांगू शकत होता, आणि प्रत्येक दावेदारामागे एक टोळी. एकशे दहा वर्षं. आइसलँडमध्ये याच काळातली पहिली सत्तर-ऐंशी वर्षं तुलनेने शांत गेली.

धर्मांतराचंच बघा. नॉर्वेत दोन ओलाफ राजांनी ख्रिस्ती धर्म तलवारीने नेला. आइसलँडमध्ये इ.स. १००० च्या सुमारास अल्थिंगवर दोन्ही पक्ष हत्यारं घेऊन उभे ठाकले, एकमेकांचा कायदा आपल्याला लागू नाही असं जाहीरही करून झालं. मग दोघांनी मिळून निवाडा सोपवला तो थोरगेइर या कायदेवक्त्यावर. तो स्वतः जुन्या धर्माचा. तो एक दिवस आणि एक रात्र अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिला आणि उठून म्हणाला की कायदा फाडला तर शांतताही फाटेल, म्हणून सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा. जुन्या लोकांसाठी घोड्याचं मांस खाण्यासारख्या काही सवलती ठेवल्या. आपल्याच धर्माविरुद्ध निकाल देणारा पंच आणि तो मानणारे हत्यारबंद लोक, हे राजाच्या देशात मला सापडत नाही.

---

कागदपत्रे

दोन्ही बाजूंना माझी एकच विनंती: आपण कोणत्या साधनांवरून बोलतोय ते बघा.

दहाव्या-अकराव्या शतकातल्या ज्या कथा वर आल्या, त्या बहुतेक तेराव्या शतकात लिहिल्या गेल्या. मधे दोन-अडीचशे वर्षं. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर यादवी चालू होती आणि त्यांना 'पूर्वी तंटे कसे मिटत' हे दाखवायचं होतं किंवा 'वैर कसं पेटतं' हे. साधारण १०३० ते ११२० हा काळ आइसलँडच्या इतिहासात शांततेचं युग म्हणून सांगितला जातो. त्या काळाबद्दलच्या कथाही कमी आहेत. तंटे कमी म्हणून कथा कमी, की कथा कमी म्हणून तंटे कमी वाटतात? याचं उत्तर उपलब्ध साधनांतून निघत नाही.

त्यामानाने १२२० ते १२६२ चा यादवीचा काळ, ज्याला एका बलाढ्य घराण्यावरून स्टर्लुंग काळ म्हणतात, तो त्याच पिढीतल्या लोकांनी लिहून ठेवलेला आहे. याच काळाच्या नोंदींवर अर्थतज्ज्ञ डेव्हिड फ्रीडमन यांनी १९७९ मध्ये एक हिशोब मांडला. मारले गेलेले लोक मोजून त्यांनी दाखवलं की या असह्य यादवीतही लोकसंख्येच्या मानाने दरवर्षीचे मृत्यू हिशोब मांडला तेव्हाच्या अमेरिकेतल्या खुनांच्या दराइतकेच होते. राज्यविरहित व्यवस्थेचे समर्थक तेव्हापासून हा हिशोब पुढे करत आले आहेत.

मला तो अपुरा वाटतो. त्यात मेलेले दिसतात. हात-पाय गमावलेले, गुरं लुटलेले, पीडा नको म्हणून शेत सोडून गेलेले दिसत नाहीत. शिवाय नावाने नोंद झाली ती प्रामुख्याने नावाजलेल्या लोकांची. आणि सरासरी प्रत्येक वर्षाची भीती सारखी करून टाकते. २१ ऑगस्ट १२३८ ला ओर्लिग्सस्तादिरच्या लढाईत एका दिवसात पन्नासच्या वर माणसं मेली. लोकसंख्या ५० हजार धरली तर हजारात एक. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला तेच प्रमाण लावा: एका दिवसात १ लाख १२ हजार मृत्यू. त्या समाजाने तो दिवस सरासरीत मोजला नसेल.

---

मोगरा

+१ कागदपत्रे. हजारात एक वाचून थांबलेच.

---

आप्पा वाईकर

आइसलँडवरच सगळे अडकलात. आयर्लंडकडे जरा बघा, तिथे आपला थेट धागा आहे.

आयर्लंडच्या जुन्या ब्रेहॉन कायद्यात देणेकरी मोठ्या दर्जाचा असेल, त्याची गुरं थेट ओढून नेता येत नसतील, तर धनको त्याच्या दाराशी जाऊन उपास करत बसे. दारात उपाशी माणूस असताना आत बसून जेवायचं नाही. देणेकऱ्याने तारण द्यायचं किंवा जामीन द्यायचा. नाही दिला तर त्याची पत गेली. आणि ज्याची पत गेली त्याचं कुठलंच येणं कुणी फेडायला बांधील नाही.

हे आपल्याकडचं धरणं आहे. देणेकऱ्याच्या दारात सावकाराने किंवा त्याच्या वतीने ब्राह्मणाने उपाशी बसायचं, ही चाल पेशवाईतही होती. हे साम्य हेन्री मेन यांनी १८७५ मध्येच दाखवलं. ते १८६० च्या दशकात इथे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदे खात्याचे सभासद होते, त्यामुळे धरणं त्यांना ठाऊक होतं.

शिपाई नसताना येणं वसूल करण्याची ही रीत होती, आणि ती चालत होती. सरदाराला तलवारीची भीती नसेल, पण गावात तोंड दाखवायची भीती होती.

---

दरखास्तवाला

आप्पा, उदाहरण उत्तम. त्याची पुढची बाजू मी सांगतो. १८६० च्या भारतीय दंड विधानात कलम ५०८ घातलं गेलं: देवाचा कोप होईल अशी भीती घालून एखाद्याला काही करायला भाग पाडणं हा गुन्हा. आणि त्या कलमाखालचं पहिलंच उदाहरण दारात धरणं धरून बसणाऱ्याचं होतं. कायदा करणाऱ्यांना त्यात वसुली दिसली नाही, जुलूम दिसला.

मला त्यात दोन्ही दिसतात. धरणं प्रतिष्ठितावर चालतं. ज्याला लाज नाही त्याच्या दारात तुम्ही उपाशी मराल.

आणि आयर्लंडला राज्यविरहित म्हणणं कठीण आहे. तिथे लहानलहान राजे पुष्कळ होते.

---

सह्यवाटा

मेघनाताई, कागदपत्रे, तुमच्या मुद्द्यांना टाळत नाही. भटक्यांचं कलम अमानुष आहे, त्याला एका शब्दाचाही आधार मी देणार नाही. पण माझा दावा न्यायाबद्दल नाही, शांततेबद्दल आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आता मोडतोडीबद्दल, कारण तिथेच माझ्या मुद्द्याची कसोटी आहे. १०९६-९७ मध्ये बिशप गिसुरने दशांश कर आणला. त्या वेळी अल्थिंगचा खर्च उचलण्याइतपत ऐपत असलेल्या शेतकऱ्यांची मोजणी झाली, ते ४,५६० भरले. कराचे चार वाटे: बिशप, चर्च, पाद्री आणि गरीब. आता चर्च कुणाच्या जमिनीवर? बहुतेक वेळा सरदाराच्या. पाद्री कुणाचा? त्याचाच नोकर, कधी तो स्वतः. म्हणजे चारातले दोन वाटे घरात. आधी गोधीला आपल्या माणसांची मर्जी सांभाळावी लागे, कारण उत्पन्न फारसं नव्हतंच. आता माणसं गेली तरी उत्पन्न चालू. ज्यांच्याकडे मोठी चर्चं होती त्यांनी इतरांची गोधीपदं विकत घेतली, सोयरिकीत मिळवली, बळकावली. १२२० पर्यंत जवळजवळ सगळा देश पाच-सहा घराण्यांच्या हातात: स्टर्लुंग, हाउकदाल, ओद्दी, आसबिर्निंग, स्विनाफेल.

मग तिऱ्हाईत कुठून आणणार? ११२१ ला हाफ्लिदी आणि थोर्गिल्सच्या मध्ये उभे राहायला अनेक गोधी होते. १२३८ ला मध्ये पडेल असा कुणी उरलाच नव्हता, प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या घराण्याचा माणूस झालेला. त्यात नॉर्वेचा हाकोन राजा एकेकाला हाताशी धरत होता. स्टर्लुंग घराण्यातला स्नोरी स्टर्लुसन (वरचा स्नोरी गोधी वेगळा) १२४१ मध्ये रेक्होल्टला स्वतःच्या घराच्या तळघरात मारला गेला. मारेकरी गिसुर थोरवाल्डसनचे, आदेश राजाचा. शांतता मोडली ती सत्ता एकवटल्यामुळे, आणि सत्ता एकवटणं ही राज्य घडण्याचीच पहिली पायरी आहे.

---

मेघना_प

शांतता आणि न्याय वेगळे, हे मला मान्य नाही. पण तुमच्याच मैदानावर बोलू.

गोधीपद विकता येत होतं, ही तुमच्या व्यवस्थेची पहिल्या दिवसापासूनची अट. विकत घेता येणारी सत्ता कुणीतरी एकत्र करणारच होता. दशांश कर आला नसता तर दुसरं काही आलं असतं. ३९ चे सहा होऊ नयेत म्हणून कायद्यात काय तरतूद होती? काहीच नाही. रोखणारा कुणी नव्हता, कारण रोखणारा म्हणजे राज्य, आणि ते नको होतं.

तडजोडीवर टिकणारी शांतता किती नाजूक असते ते फ्लुगुमिरीला, गिसुरच्या घरी दिसलं. ऑक्टोबर १२५३. वैर मिटावं म्हणून गिसुरच्या मुलाचं लग्न स्टर्लुंग घराण्यातल्या स्टर्ला थोर्दरसनच्या मुलीशी, इंगिब्योर्गशी लावलं. ती तेरा वर्षांची होती. वैर मिटवायला घरातली मुलगी द्यायची, हीच ती तिऱ्हाइतांची पद्धत. लग्न आटोपलं आणि त्याच मुक्कामी विरोधकांनी घर पेटवलं. २५ माणसं मेली. गिसुर दह्याच्या निवळीच्या पिंपात बसून वाचला, त्याची बायको आणि मुलगे गेले. इंगिब्योर्ग वाचली. तडजोडीसाठी जिला पुढे केलं तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न त्या व्यवस्थेत विचारायची सोयच नव्हती.

१२६२ ते १२६४ मध्ये आइसलँडच्या लोकांनी राजाला निष्ठा वाहिली तेव्हा करारात शांततेची अट घातली. ज्यांनी तिऱ्हाइतांवर तीनशे वर्षं काढली त्यांनी शेवटी ती राजाकडे मागितली. त्यांचं मत आपल्यापेक्षा वजनदार आहे.

---

उत्तरध्रुव

> त्यांनी शेवटी ती राजाकडे मागितली

मागितली खरी, पण कोणत्या परिस्थितीत? राजाने वीस वर्षं भांडणात तेल ओतलं. १२४७ मध्ये इथे बर्गनला हाकोनचा राज्याभिषेक झाला तेव्हा रोमहून आलेला कार्डिनल विल्यम म्हणाला होता की जगात सगळे राजाखाली असताना या देशाने नसावं हे अयोग्य आहे. १२५८ मध्ये गिसुरला राजाने आइसलँडचा यार्ल, म्हणजे आपल्या हाताखालचा मुख्य सरदार केलं. आग लावणाऱ्याकडेच पाणी मागावं लागलं.

करारातलं दुसरं कलमही बघा: राजाने दरवर्षी सहा जहाजं पाठवायची. लाकूड आणि धान्य बाहेरून आणावं लागे, आणि स्वतःची जहाजं फारशी उरली नव्हती. शांततेबरोबर पोटाचाही सौदा होता.

---

कागदपत्रे

आणि शेतकरी एकदम गप्प झाले असंही नाही. १२८१ मध्ये राजाकडून योन्सबोक ही नवी संहिता आली तेव्हा अल्थिंगवर त्यांनी कलमवार हरकती लिहून आणल्या. राजाच्या दूताला राग आला की कुणब्यांनी कायद्यात बोट घालावं तरी कसं. संहिता मंजूर झाली. पुढे कित्येक शतकं तिची हस्तलिखितं घरोघरी वाचली गेली. म्हणजे कायद्याशी नातं तुटलं नाही, अंमलबजावणी मात्र राजाच्या अधिकाऱ्यांकडे गेली.

---

दरखास्तवाला

सह्यवाटा, मला एकच हवं आहे. कोणत्याही गोधीचा हात धरल्याशिवाय एखाद्या लहान शेतकऱ्याने मोठ्याकडून भरपाई वसूल केल्याचं उदाहरण द्या. एक पुरे.

---

सह्यवाटा

खटल्यातलं उदाहरण देण्यापेक्षा मी तुम्हाला ह्रेप्पूर दाखवतो, कारण लहान शेतकऱ्याचा आधार तिथे होता. किमान २० शेतकऱ्यांचा एक ह्रेप्पूर, गोधींच्या कक्षेबाहेर, स्वतःचे प्रमुख स्वतः निवडणारा. गावातल्या निराधारांना कुणी सांभाळायचं ते तो ठरवी. रोगाने चौथा हिस्सा किंवा जास्त गुरं मेली तर निम्मं नुकसान बाकीचे भरून देत. घर जळलं तरी तेच. ग्रागासमध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. यादवीत गोधींची व्यवस्था कोसळली, पण ह्रेप्पूर टिकला, राजाच्या काळातही टिकला. उपासमार आणि कर्ज हे भांडणाचं मूळ असतं, ते या लोकांनी शिपायाशिवाय आटोक्यात ठेवलं.

---

दरखास्तवाला

ह्रेप्पूर मला मान्य आहे आणि तो मनापासून आवडला. पण मेलेल्या गाईला आरोपी नसतो. तिथे भरपाई द्यायला कुणाच्या दारात हत्यार घेऊन जावं लागत नाही, सगळे शेजारी आपणहून भरतात, कारण उद्या त्यांचीही गाय मरेल. मोठ्या माणसाने लहान माणसाचा मुलगा मारला तर ह्रेप्पूर काय करणार? त्या बापाला एखाद्या स्नोरी गोधीकडेच जावं लागणार आणि जंगल नसेल तर शेत द्यावं लागणार. माझा प्रश्न त्या बापाबद्दल आहे.